आर्क भट्टीवर मशीन लर्निंग: सहा महिन्यांच्या वापरानंतर

इलेक्ट्रिक आर्क भट्टीत (विजेच्या ज्योतीने, म्हणजे आर्कने, भंगार वितळवून पोलाद करणारी भट्टी) टॅपिंगचं, म्हणजे पोलाद बाहेर ओतायचं, तापमान गाठायला अजून किती वीज आणि किती ऑक्सिजन द्यायचा, एवढंच हे मॉडेल सांगतं. सहा महिन्यांनंतरचं मत: कामाचं आहे, पण तापमानाच्या नोंदी स्वच्छ असतील तरच.

खरी मेहनत तिथेच आहे. भंगार पुरतं वितळायच्या आत थर्मोकपल (तापमान मोजायची कांडी) बुडवला तर आकडा कमी येतो, कारण न वितळलेल्या तुकड्यांजवळचा रस (वितळलेला धातू) थंड असतो. अशा नोंदींवर शिकलेलं मॉडेल वीज जास्त सुचवतं. ज्या वेळी कांडी बुडवल्यावर तापमानाची रेषा काही क्षण सपाट झालीच नाही, ती नोंद बाद करायची. चूक महागात पडते: एक टन वितळलेलं पोलाद 10 अंशांनी तापवायला साधारण 2.3 युनिट उष्णता लागते, म्हणजे 100 टनांच्या हीटमध्ये (एका वेळच्या वितळणीत) 20 अंश जास्त तापवलं की 460 युनिटं वाया. भट्टीतली उष्णतेची गळती वेगळीच.

दुसरी अडचण भट्टीत मागे ठेवलेल्या रसाची. त्याचं वजन थेट कुणी मोजत नाही. भरलेला माल, उतारा (मालातून किती पोलाद निघतं ते प्रमाण) आणि टॅप झालेलं पोलाद यांवरून काढावं लागतं. ही चूक हीटमागून हीट साचत जाते. भट्टी पूर्ण रिकामी होईल तेव्हा हिशेब शून्यावर आणावाच.

मॉडेलची चाचणी घेताना शिकवायच्या आणि तपासायच्या नोंदी सरमिसळ करून वाटू नका. लागोपाठच्या हीट एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे निकाल फसवा चांगला दिसतो. आधीच्या महिन्यांवर शिकवा, नंतरच्यांवर तपासा. हीटची एकूण वीज इनपुटमध्ये दिली, तर ते पेपर फुटल्यासारखंच. सल्ला मागण्याच्या क्षणी तो आकडा हातात नसतो.

सुरुवातीला नुसतं ग्रेडियंट बूस्टिंग होतं, म्हणजे एकामागून एक निर्णयवृक्ष (हो-नाही प्रश्नांची साखळी) जोडून अंदाज बांधणारी पद्धत. भंगारासोबत टाकायच्या स्पंज आयर्नचं (न वितळवता खनिजातून काढलेलं सच्छिद्र लोखंड) प्रमाण पूर्वी कधी नव्हतं इतकं वाढलं की अंदाज जागच्या जागी अडकायचा. निर्णयवृक्ष शिकलेल्या कक्षेबाहेर जात नाहीत, आणि स्पंजमधला उरलेला लोह ऑक्साइड व माती जास्त ऊर्जा खातात. उष्णतेचा ताळेबंद सूत्रांनी मांडून मॉडेलला फक्त उरलेला फरक शिकवला, तेव्हा सल्ला भरवशाचा झाला. सगळ्यात मोलाचा बदल हाच.

भट्टीचं आतलं अस्तर बदललं, छत जास्त वेळ उघडं राहिलं, की अंदाज पुन्हा घसरतो. छत उघडं असलेली मिनिटं इनपुटमध्ये हवीतच. मेल्टरने (भट्टी चालवणाऱ्याने) सल्ला डावलला तर कारण निवडायची सोय पडद्यावरच ठेवा. स्लॅग (रसावर तरंगणारी मळी, जी फेसाळून आर्क झाकते) नीट फुगला नाही, आर्क उघडा पडला, हे मॉडेलला अजून दिसत नाही. ते मेल्टरला आवाजावरून कळतं.