मालवणची ओहोटीतली किनारा-फेरी: ४ स्टार

पोरांना घेऊन गेलो होतो, गाईड दादा एक नंबर! पिशवी म्हटलं की आपल्याला कांगारूच आठवतो, पण समुद्रघोड्यात पिशवी नराला असते, मादी त्यात अंडी घालते आणि हा बाबा आत त्यांना ऑक्सिजन पुरवतो, खारटपणा सांभाळतो, मग पोट आवळून आवळून पिल्लं बाहेर काढतो (बायकोने माझ्याकडे बघितलं ते सोडा). कुर्लीची मादी अंडी पोटाखालच्या रुंद झडपेत धरते, ती काय खरी पिशवी नव्हे, ती दाखवून दादाने लगेच पाण्यात सोडली, हे आवडलं. समुद्रघोडा फोटोतच बघितला, तो पकडायला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, बरोबरच आहे. एक स्टार कापला कारण ग्रुप लय मोठा, मागे काही ऐकूच येईना. चपला ग्रिपवाल्या घाला, खडक जाम निसरडे.