मन खचलेलं असताना: कॅप्सूल की ताट?

नैराश्याचं निदान झालं, औषध सुरू झालं, आणि पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारलं, "खाण्यात काही बदल करू का?" ते म्हणाले, "जरूर करा." काय करायचं ते मात्र मीच शोधलं. एक वाट केमिस्टकडे जात होती: माशाच्या तेलातलं ओमेगा-३, ड जीवनसत्त्व, एखादं मल्टिव्हिटॅमिन. दुसरी स्वयंपाकघरात. मी दोन्ही वाटांनी चालून पाहिलं आहे. तुम्ही आज त्याच फाट्यावर उभे असाल तर माझा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं.

कॅप्सूलची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. मन खचलेलं असतं तेव्हा एक कांदा चिरणंही डोंगराएवढं होतं. मंडईत जा, भाजी निवडा, भांडी घासा, यातलं काही होत नाही. कॅप्सूल पाण्याच्या घोटाबरोबर जाते आणि तुमच्याकडून दुसरं काही मागत नाही. ज्यांनी हा काळ पाहिलेला नाही त्यांना ही सोय किरकोळ वाटेल. मला ती आधार वाटली. चार महिने मी नेमाने घेतली.

अडलं ते ढेकरांवर. माशाच्या तेलाचे ढेकर दुपारपर्यंत येत राहायचे. वास न येणारी म्हणून मिळते ती कॅप्सूल आणली, फ्रिजमध्ये ठेवून घेतली, फारसा फरक नाही. शेवटी केमिस्टकाकांनी विचारलं, "घेता कशाबरोबर?" सकाळच्या चहाबरोबर, मी म्हटलं. ही भरल्या पोटी घ्यायची असते, त्यांनी सांगितलं, थोडं तेल-तूप असलेल्या जेवणानंतर. ड जीवनसत्त्वही तसंच, नाहीतर अंगी नीट लागत नाही.

घरी आल्यावर लक्षात आलं की मी जेवतच नव्हतो. सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव किंवा काहीच नाही, रात्री बिस्किटं. कॅप्सूल घेतली की आज तब्येतीसाठी काहीतरी केलं असं वाटायचं, आणि जेवण चुकल्याची बोच निघून जायची. त्या कॅप्सूललाच जेवण हवं होतं, आणि मी ती जेवणाच्या जागी घेत होतो. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

वाचन मागाहून केलं. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी 'स्माइल्स' नावाची चाचणी प्रसिद्ध केली. नैराश्य असलेले ६७ जण. साधारण निम्म्यांना १२ आठवडे आहारतज्ज्ञांची मदत, बाकीच्यांना तेवढ्याच भेटी, पण नुसत्या गप्पांच्या आणि सोबतीच्या. शेवटी आहार बदललेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ८ टक्के. संख्या लहान आहे, आपण कोणत्या गटात हे लोकांना ठाऊक होतं, आणि बहुतेकांचं औषध किंवा समुपदेशन चालूच होतं. त्यामुळे हा आकडा जपूनच वापरावा, आणि त्याच्या भरवशावर कुणी गोळ्या बंद करू नयेत. मला त्यांची यादी महत्त्वाची वाटली: कडधान्यं, कोंड्यासकट धान्यं, भाज्या, फळं, मासे, सुकामेवा, ऑलिव्ह तेल. ऑलिव्ह तेल सोडा. बाकी मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, मेथी, शेंगदाणे, पेरू आणि परवडेल तेव्हा बांगडा किंवा तारली, एवढंच ते आहे.

केमिस्टकडच्या या पूरक गोळ्यांच्या मोठ्या चाचण्या मात्र निराश करतात. युरोपातल्या चार देशांत १,०२५ जणांवर झालेल्या 'मूडफूड'मध्ये (निष्कर्ष २०१९) वर्षभर ओमेगा-३, ड जीवनसत्त्व, फॉलिक आम्ल आणि सेलेनियम देऊनही नैराश्य टळलं नाही. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक प्रौढांना काही वर्षं ड जीवनसत्त्व देऊन पाहिलं, तिथेही तेच. हेही सांगायला हवं की 'मूडफूड'मध्ये खाण्याच्या सवयींबद्दल मार्गदर्शन मिळालेल्यांनाही ठळक फायदा दिसला नाही. पण त्या लोकांना त्या वेळी नैराश्य नव्हतं. ते टाळता येतं का, एवढंच तपासलं जात होतं. आधीच खचलेल्या माणसाचा प्रश्न थोडा वेगळा असावा.

एका ठिकाणी मात्र गोळीच जिंकते: बी-१२. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात तपासलेल्या पुरुषांपैकी जवळपास दोनतृतीयांश जणांत ते कमी निघालं होतं. शाकाहारी असाल, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर ताटाचा विचार करण्याआधी रक्त तपासा. ती कमतरता थकवा आणि उदासी आणू शकते, आणि ती उसळीने भरून निघत नाही. जवसाच्या चटणीचंही तसंच: चटणी उत्तम, पण तिच्यातल्या ओमेगा-३चा फार थोडा भाग शरीर माशातल्या प्रकारात बदलू शकतं. मासे खात नसाल आणि डॉक्टरांनी कॅप्सूल सुचवली असेल तर माझ्या ढेकरांकडे बघून ती सोडू नका.

ताट सुधारल्यावर मला आनंद वगैरे झाला नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास अंगावर येणारी चिडचिड आणि त्यामागून येणारं रडू, ते तीनेक आठवड्यांत उतरलं. त्याच सुमारास औषधाचा डोस वाढला होता आणि भाजीसाठी का होईना, मी रोज घराबाहेर पडू लागलो होतो. त्यामुळे श्रेय कुणाचं, ते सांगता येणार नाही. पण ज्या दिवशी दुपारचं जेवण चुकतं त्या दिवशी पाच वाजता ते परत येतं, हे मी बऱ्याचदा अनुभवलं आहे.

गॅस पेटवण्याचीही ताकद नसेल तर स्वयंपाकापासून सुरुवात करू नका. भाजीवाल्याकडे मोड आलेली मटकी मिळते, पोळी-भाजी केंद्रात भाकरी मिळते. डबा लावलात तर मावशींना स्पष्ट सांगा की भात थोडा कमी चालेल, पण रोज एक उसळ हवी. आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर आधी १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा किंवा घरातल्या कुणाला तरी हाक मारा. उसळ उद्या करता येईल.