जुन्या तसबिरीची कॅनव्हास प्रत : छपाई उत्तम, पण 'सफाई' थांबवा

रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी, 14 × 20 इंच, काचेच्या तसबिरीत, मागे प्लाय. अशा चित्राची कॅनव्हासवर प्रत काढून देणारं हे दुकान सांगलीच्या गणपती पेठेजवळ आहे. छपाईला पाचपैकी चार गुण, फाइल तयार करण्याच्या कामाला दोनच.

इथे कॅनव्हास फ्लेक्सच्या मशीनवर चढवत नाहीत, पिगमेंट म्हणजे बारीक रंगकणांच्या शाईचं वेगळं मशीन आहे. त्यामुळे साडीच्या चुण्यांमधल्या गडद छटा सुट्या दिसतात. कॅनव्हास मात्र कॉटनचाच मागा. आधी पुढे करतात त्या पॉलिस्टरला निळसर पांढरी झाक असते आणि शिळाछापाचा, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्राचा पिवळट कागद त्यावर निर्जीव दिसतो. फ्रेमवर ताणून हवा असेल तर चारही बाजूंना दोन-दोन इंच जादा सोडायला आधीच सांगा, नाहीतर चित्राची कड पट्टीवर मुडपून जाते.

खरी गडबड स्कॅनिंगला होते. ए-थ्री स्कॅनरवर हे चित्र मावत नाही, म्हणून दोन भागांत घेऊन जोडतात. वर्षानुवर्षं प्लायला टेकलेला कागद वाकलेला असतो, मधे स्कॅनरच्या काचेला नीट बसत नाही, आणि जोडावर लक्ष्मीच्या कमरेवरून एक पुसट पट्टी उमटते. दुकानात कॅमेऱ्याचा स्टँड आहे. दोन्ही बाजूंनी 45 अंशांत दिवे लावून फोटो घ्यायला सांगा. स्कॅनरच हवा असेल तर 600 डीपीआय (इंचाला 600 पिक्सेल), म्हणजे पूर्ण चित्र 8400 × 12000 पिक्सेल. कागद रोलरमधून ओढणाऱ्या मोठ्या स्कॅनरला ठाम नकार द्या, जुना कागद तिथे फाटतो.

यानंतर ऑपरेटर न विचारता 'ऑटो करेक्शन' आणि 'डस्ट रिमूव्हल' लावतो. शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असतो आणि चेहऱ्यावरची सावली हाताने टिपलेल्या बारीक ठिपक्यांची असते. भिंगातून ते स्पष्ट दिसतात. सॉफ्टवेअर त्यांना धूळ समजून पुसतं, आणि गाल प्लॅस्टिकसारखे गुळगुळीत होतात.

त्याच सपाट्यात पायाजवळचं कुंकूही 'डाग' म्हणून गेलं. हे मनाला फार लागतं. सातारा जिल्ह्यात औंधच्या संग्रहालयात रविवर्म्याची तैलचित्रं आहेत. ती लांबून पाहायची, हात लावायचा नाही. 1894 साली मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि त्याच्या चित्रांतले देव सामान्यांच्या देवघरात आले, त्यांना हळदकुंकू, फुलं वाहिली गेली. त्याच दगडांवरून असंख्य प्रती निघाल्या, पण बोटाने ओढलेला तो लाल फराटा जगात या एकाच प्रतीवर आहे. तो पुसला की उरते ती बाजारात कुठेही मिळणारी लक्ष्मी.

सांगितल्यावर जादा पैसे न घेता दुसरी फाइल करून दिली, ठिपके आणि कुंकवासकट. त्यामुळे ऑर्डरच्या पावतीवरच लिहून घ्या : 'रिटच नाही, रंग मुळाप्रमाणे'. आधी चेहऱ्याचा आणि पायांचा सहा इंचांचा तुकडा छापून घ्या आणि मूळ चित्राशेजारी धरून दिवसाच्या उजेडात ताडून पाहा. मूळ तसबीर परत घेताना मागचं प्लाय काढून आम्लरहित पुठ्ठा घालून घ्या, आणि काच कागदाला चिकटू नये म्हणून मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात काचेला टेकलेल्या कागदावर बुरशी लवकर धरते.