पोलादी थर्मास: सहा महिने वापरून आणि मोजून

तापलेल्या वस्तूची उष्णता थंड वस्तूकडे जायचीच. थर्मासने तिला किती उशीर लावला, एवढेच पाहायचे असते. अर्ध्या लिटरच्या या थर्मासच्या खोक्यावर ‘२४ तास गरम’ असे ठळक छापले आहे, पण किती गरम ते छापलेले नाही, म्हणून स्वयंपाकघरातला तापमापक घेऊन मीच मोजले. खोलीत २८ अंश सेल्सिअस तापमान असताना काठोकाठ भरलेले ९२ अंशांचे पाणी सहा तासांनी ६८ अंशांवर आणि बारा तासांनी ५३ अंशांवर आले. आतबाहेरचा फरक घटत जातो, तशी उष्णताही सावकाश निघते. चोवीस तासांनी ते ३८ अंशांवर होते, म्हणजे अंघोळीला ठीक, चहाला नाही.

दोन भिंतींमधली हवा काढून घेतल्याने वहन (स्पर्शातून जाणारी उष्णता) आणि अभिसरण (फिरत्या हवेबरोबर जाणारी) जवळजवळ थांबते, तर चकचकीत पृष्ठभाग प्रारण, म्हणजे किरणांतून जाणारी उष्णता, अडवतो. शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये अतिथंड द्रवांसाठी केलेल्या पात्राचीच ही रचना आहे, आणि या थर्मासमध्ये ती उत्तम साधली आहे. उरते ती गळ्याची आणि झाकणाची वाट, आणि नेमके तिथेच उत्पादकाने हात आखडला आहे. भरल्यावर तासाभराने बाहेरची भिंत हाताला गार लागते. बटण दाबून ओतायचे ते पोकळ प्लॅस्टिकचे झाकण मात्र कोमट लागते.

थर्मास अर्धाच भरला, तर सहा तासांनी पाणी ५७ अंशांवर येते, कारण साठा निम्मा होतो आणि गळती फारशी कमी होत नाही. थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळावा, असा घरोघरचा नियम आहे. आतले पोलाद दीडशे ग्रॅम धरले, तरी त्याची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक ग्रॅम एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, पाण्याच्या सुमारे एक-अष्टमांश असल्याने, भरलेल्या थर्मासमध्ये विसळण्यामुळे जेमतेम दोन अंश वाचतात. तेवढ्यासाठी वेगळे आधण ठेवणे मी सोडून दिले.

गार पेयांसाठी मात्र हा थर्मास अधिक पटला. बर्फ आणि बाहेरची हवा यांच्यातला फरक उकळत्या चहाच्या मानाने निम्माच असतो, शिवाय एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ ज्यूल उष्णता गिळतो. मे महिन्यात सकाळी सातला भरपूर बर्फ घालून भरलेल्या कोकम सरबतात संध्याकाळी पाचलाही काही खडे तरंगत होते. पण झाकणाच्या वॉशरला चहाचा वास धरतो आणि तो वॉशर सुटा मिळत नाही. याच थर्मासचा साध्या फिरकीच्या झाकणाचा प्रकार मिळाला, तर तोच घ्यावा.