हायकोर्टाजवळचं कायद्याच्या पुस्तकांचं दुकान, आणि काकांच्या चिठ्ठ्या

इंदूरला एमजी रोडवर हायकोर्टाजवळ एक चिंचोळं दुकान आहे, वकिलीतली ज्युनिअरशिप सुरू झाली तेव्हापासून माझे सगळे बेअर अ‍ॅक्ट (म्हणजे नुसता कायद्याचा मजकूर छापलेली पुस्तकं) तिथूनच, आणि आज मुद्दाम लिहितेय कारण तिथले काका पुस्तक हातात देण्याआधी त्यात शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवून देतात. दुसरीकडे हे कुठेच पाहिलं नाही.

मागच्या महिन्यात स्वस्त पडलं म्हणून एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं, पुस्तक ऑनलाइन मागवलं, जुनी छपाई निघाली. काकांना दाखवलं तर म्हणाले, अगं, छापणाऱ्याला बोल लावू नकोस, चूक कायद्यातच होती. २०१४ ला कलम २ मध्ये नवीन व्याख्या घातली, जुन्या व्याख्येचा क्रमांक एक अक्षर पुढे सरकला, पण शिक्षेचं कलम २७-ए जुन्याच अक्षराकडे बोट दाखवत राहिलं. त्रिपुरा हायकोर्टाने २०२१ मध्ये ते दाखवून दिलं, मग आधी अध्यादेश, मग संसदेचा दुरुस्ती कायदा, तोही १ मे २०१४ पासून लागू. एका अक्षरासाठी सात वर्षं!

मी विचारलं, आपल्या भोपाळच्या विधानसभेतल्या विधेयकात असं झालं तर? तर काकांनी चहा सांगितला आणि नीट बसवून समजावलं. विधेयक पास झालं की उघड दिसणारी चूक, म्हणजे स्पेलिंग, चुकलेला क्रमांक, मंजूर झालेल्या दुरुस्तीमुळे बदलावा लागणारा संदर्भ, हे सभागृहाचे अध्यक्ष सुधारू शकतात, लोकसभेत तर हा नियम ९५ च आहे. राज्यपाल सहीआधी अनुच्छेद २०० खाली परतही पाठवू शकतात, मनी बिल, म्हणजे कर-खर्चाचं विधेयक, सोडून. सही होऊन गॅझेटमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, आलं आणि फक्त छपाई चुकली असेल तर शुद्धिपत्र निघतं. पण सभागृहानेच चुकीचा मजकूर पास केला असेल तर शुद्धिपत्राने भागत नाही, पुन्हा दुरुस्ती विधेयकच आणावं लागतं. हा फरक मला कॉलेजात कुणी सांगितला नव्हता, आणि क्लायंटची अख्खी केस यावर उभी राहू शकते हो!

शिवाय आपल्याकडे कायदा हिंदीत पास होतो, पण राज्यपालांच्या प्राधिकाराने छापलेलं इंग्रजी भाषांतर अनुच्छेद ३४८(३) प्रमाणे अधिकृत धरतात, म्हणून काका दोन्ही शेजारी ठेवून वाचतात.

ऑनलाइनपेक्षा थोडं महाग, पार्किंग नाही, दोन माणसं आली की दुकान भरतं. तरी पाच स्टार. घेताना गॅझेटची तारीख विचारा, वहीत बघून लगेच सांगतात.