ग्राफिक्स कार्ड गेलंय सांगून चांगलं कार्ड ठेवून घेतलं – निपाणी, चिकोडी, बेळगाववाल्यांनी वाचा

आधी रक्कम सांगतो म्हणजे विषय कळेल. ६,५०० रुपये गेले, आणि वर माझं चांगलं चालणारं ग्राफिक्स कार्ड (कॉम्प्युटरमधलं चित्र स्क्रीनवर आणणारा भाग) गेलं, जे मी २०२१ मध्ये ३१,५०० ला घेतलेलं. तेव्हा क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी (असली कार्डं लावून आभासी चलन मिळवणाऱ्यांनी) भाव कुठल्या कुठं नेऊन ठेवलेले, हे ज्यांनी त्या वर्षी कार्ड घेतलंय त्यांना सांगायला नको.

मी निपाणी भागातला, लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. मशीन म्हणजे एडिटिंगचा कॉम्प्युटर, त्यात प्रोसेसर आय५-९४००एफ, कार्ड जीटीएक्स १६६० सुपर. ऐन लग्नसराईत मशीन सुरू केलं तर सगळे पंखे फिरायलेत, कीबोर्डचा लाईट लागतोय आणि मॉनिटरवर नो सिग्नल. केबल बदलली, मॉनिटर लॅपटॉपला लावून बघितला, चांगला. एफवाल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतंय, त्यामुळं मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावून काहीच दिसणार नाही, हेही मला माहीत होतं. म्हणजे मी काय अगदीच अडाणी नव्हे. पण आमचा नेहमीचा माणूस परगावी, आणि पार्टी रोज फोन करून व्हिडिओ कधी देताय विचारायली. बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ म्हणून सीपीयू गाडीत टाकला आणि कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

दुकानात पोरगा गोड बोलायला. "या की दादा, बसा, चहा घ्या." कॅबिनेट उघडलं, ब्लोअर मारला, रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून खोडरबरनं घासल्या, परत बसवल्या. मग माझं कार्ड काढलं, उलटंपालटं करून बघितलं आणि आत घेऊन गेला. बाहेर येऊन म्हणतो, "चिप गेलीय दादा, रीबॉलिंग करून पण टिकणार नाही." (रीबॉलिंग म्हणजे चिप काढून परत नव्यानं सोल्डर करणं.) मग स्वतःकडचं दुसरं कार्ड लावलं आणि टकाटक डिस्प्ले आला.

इथंच मेलो की मी! नीट बघा काय झालं. त्यानं दोन गोष्टी बदलल्या, रॅम घासून बसवली आणि कार्ड बदललं, आणि डिस्प्ले आल्यावर सांगितलं की कार्ड गेलेलं. माझं कार्ड रॅम घासल्यावर परत एकदाही लावून बघितलं नाही. मी समोर खुर्चीवर बसून चहा पितोय आणि हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत. आता रात्री झोप लागत नाही तेव्हा तेवढंच आठवतंय, नुसतं म्हणायचं होतं "भावा, जुनं एकदा लावून दाखव." पण तुम्ही सांगा, समोर स्क्रीन उजळलेली दिसतीय, डोक्यात पार्टीचा फोन, अशा वेळी कोण म्हणणार? डॉक्टरनं एक्स-रे बघून हाड मोडलंय म्हटल्यावर आपण काय परत एक्स-रे काढायला सांगतोय काय?

हिशोब असा. लावलेलं कार्ड "जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी, सेकंड हँड, एकदम कडक" ७,५०० रुपये. माझं "डेड" कार्ड एक्स्चेंजमध्ये १,५०० ला धरलं, राहिले ६,०००, चेकिंगचे ५००. बिल मागितलं तर "बिल घेतलं तर जीएसटी १८ टक्के वर लागेल दादा." आणि युपीआय केल्यावर नाव आलं ते दुकानाचं नव्हे, कुठल्यातरी बाईचं. दुकानाचा पैसा दुसऱ्याच्या नावावर जात असेल तर तिथंच हात आखडायचा.

त्या कार्डाच्या मागं निळं व्हीजीए पोर्ट होतं. मला उलट बरं वाटलं, जुना मॉनिटर डायरेक्ट लागतोय म्हणून. नंतर कळलं की १०५० टीआय ज्या पास्कल पिढीतलं आहे त्या चिपमध्ये व्हीजीएला लागणारं ॲनालॉग आउटपुटच नाही. त्यामुळं १०५० टीआयच्या नावाखाली व्हीजीए पोर्टवालं कार्ड कोणी दाखवलं तर आधी संशय घ्यायचा. वर त्याला सहा पिनची पॉवर केबल जोडलेली. १०५० टीआय ७५ वॅटचं कार्ड, बहुतेक मॉडेल नुसत्या मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या पॉवरवर चालतात. काही कंपन्यांच्या मॉडेलला सहा पिन असतंय, पण व्हीजीए आणि सहा पिन दोन्ही एकत्र दिसलं तर उठून चालायला लागा.

घरी प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावलं की बंद पडायला लागलं. मग विंडोजचा अपडेट आला, ड्रायव्हर बदलला आणि स्क्रीन काळी ती काळीच. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं सेफ मोडमधून ड्रायव्हर काढला आणि जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवलं. नावाच्या आधी सरळ 'फेक' लिहून आलं! आतली चिप जीटीएस ४५०, २०१० सालची, कोअर १९२. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ असतात. कार्डाचं बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नाव आणि मेमरी खोटी दाखवतात, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये १०५० टीआय बघून खूश व्हायचं नाही, मी झालेलो. जीपीयू-झेड फुकट आहे, दुकानातच चालवून घ्या, नाही म्हणाला तर पैसे देऊ नका.

आणि कडेलोट पुढंच. जुना माल विकायच्या ॲपवर माझंच १६६० सुपर, "फुल वर्किंग, टेस्टेड", ९,५०० रुपये! फोटोत सिरीयलचं स्टिकर दिसत होतं, माझ्याकडं मूळ बॉक्स आहे, नंबर जुळला. फोन लावला तर "तुम्हीच एक्स्चेंजला दिलंत की, आम्ही रिपेअर करून विकतोय, पुरावा काय?" नंतर फोनच उचलत नाही.

पोलिसांचं ऐका. इकडच्या ठाण्यात गेलो तर म्हणाले दुकान महाराष्ट्रात, तिकडं जावा. तिकडं गेलो तर आधारकार्ड बघून म्हणतात तुम्ही कर्नाटकातले, तिकडूनच कागद येऊ दे. परत इकडं आलो तर "कन्नड बरतैतेन्री?" (कन्नड येतंय काय?) अर्ज कन्नडमध्ये पाहिजे म्हणून बाहेर बसणाऱ्याकडून २०० रुपये देऊन लिहून घेतला, त्यानं ग्राफिक्स कार्डला नुसतं 'कार्ड' लिहिलं, आतला साहेब विचारतोय एटीएम कार्ड काय? मी समजावून सांगेपर्यंत तो दुसऱ्याच्या जमिनीच्या भांडणात. एक जण वर मलाच म्हणतो, साडेसहा हजारासाठी एवढं कशाला, दुसरं घ्या की. अरे, तुझ्या पगारातनं घेऊ काय? आम्हा सीमाभागातल्या लोकांचं कायमचं हेच, मतं मागायला दोन्हीकडचे दारात, काम निघालं की दोन्हीकडचे बोट पलीकडं दाखवणार. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ आहे की दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कुणाची का असेना. ते दाखवलं तर "हे दिवाणी प्रकरण आहे."

शेवटी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली. १९३० लावू नका, तो ऑनलाइन फसवणुकीचा नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे माझी बेळगावला होईल, दुकान कोल्हापुरात असलं तरी. पाच लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही. बिल नाही, पण युपीआयची नोंद, बॉक्स आणि ॲपवरच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आहे. जाहिरात दिसली की आधी स्क्रीनशॉट घ्या, मग फोन करा, नाहीतर ते उडवतात. माझी उडवली, स्क्रीनशॉट आधी होता म्हणून वाचलो.

मशीन दुकानात न्यायच्या आधी घरी एवढं करा: एक-एक करून रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा, कार्डची पॉवर केबल दाबून बघा, बोर्डवर छोटे लाईट असतील तर डीरॅमचा (म्हणजे रॅमचा दोष) पेटतोय का व्हीजीएचा (म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा) ते बघा. सिरीयलचा फोटो काढून ठेवा. आणि कार्ड मेलेलं म्हटलं तरी घरी आणा, एक्स्चेंजला देऊ नका.

पार्टीला व्हिडिओ उशिरा दिला म्हणून त्यांनी ५,००० कापले, ते वेगळेच. आता मशीन मित्राच्या उसन्या कार्डवर चालू आहे.

माझं १६६० सुपर दोन पंख्यांचं, मागच्या पत्र्यावर एका कोपऱ्यात लाल नेलपॉलिशचा ठिपका, सिरीयलचे शेवटचे आकडे ४४१७. कोल्हापूर, निपाणी, गडहिंग्लज, बेळगाव भागात कुणाला विकायला आलं किंवा कुणी घेतलं असेल तर मेसेज करा, घेणाऱ्याला मी काही बोलणार नाही, फक्त कुणाकडनं घेतलं ते लिहून द्या.