एकाच व्हीलॅनवर दोन आयपी, शिफ्ट बंद न ठेवता : मायक्रोटिक सीआरएस३२६ वापरून बघितला

भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचं नेटवर्क मी बघतो. तिथं पहिल्यापासून सगळं १९२.१६८.१ च्या रेंजमध्ये होतं, आणि अडचण अशी की अकाउंटच्या मॅडमनी घरून व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणी) लावलं की घरच्या राउटरची रेंज पण तीच, त्यामुळे ऑफिसचा सर्व्हर काही केल्या सापडायचा नाही. रेंज बदलायची तर सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनचे आयपी हातानं घातलेले, कंट्रोलरचा पासवर्ड मशीनवाल्या कंपनीकडे, त्यांचा माणूस कधी येईल त्याचा नेम नाही, आणि तोवर मालक एक शिफ्टसुद्धा बंद ठेवायला तयार नाहीत. मशीनना वेगळं व्हीलॅन (त्याच केबलवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) द्यावं म्हटलं तर शॉप फ्लोअरवर एकच साधा अनमॅनेज्ड, म्हणजे सेटिंग न करता येणारा, स्विच आणि त्यावरच मशीन पण आणि पीसी पण.

म्हणून मशीन जुन्याच रेंजवर ठेवून बाकीच्यांना नवी रेंज द्यायची आणि दोन्ही एकाच व्हीलॅनवर चालवायच्या असं ठरवलं, त्यासाठी मायक्रोटिक कंपनीचा हा स्विच घेतला. सीआरएस३२६-२४जी-२एस+आरएम. २४ गिगाबिट पोर्ट, २ एसएफपी प्लस (फायबरसाठीचे जास्त वेगाचे पोर्ट), पंखा नाही त्यामुळे आवाज नाही आणि वर्कशॉपची धूळ आत ओढली जात नाही, मला ही गोष्ट फार आवडली. पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज) मात्र मिळत नाही, कॅमेरे लावायचे असतील तर वेगळा स्विच लागेल.

यात मायक्रोटिकच्या राउटरओएस आणि स्वॉस या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम चालतात, बूट करताना निवडायचं. आपल्या कामाला राउटरओएसच पाहिजे, स्वॉसमध्ये एका रेंजमधून दुसऱ्या रेंजला पाकीट पाठवणं, म्हणजे राउटिंग, होत नाही.

आता मुख्य काम. ब्रिजवर (सगळे पोर्ट एकत्र बांधणारी आतली जोडणी) व्हीलॅन १० चा इंटरफेस बनवला, मग आयपी मेनूतल्या अ‍ॅड्रेसेसमध्ये जाऊन त्याच इंटरफेसवर आधी १९२.१६८.५०.१/२४ आणि खाली दुसरी ओळ १९२.१६८.१.१/२४. झालं. सिस्कोत दुसरा आयपी देताना शेवटी सेकंडरी लिहावं लागतं आणि ते विसरलं की पहिला आयपी उडून त्याजागी नवा बसतो, चालू ऑफिसमध्ये हे झालं तर काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना माहितीये. इथं पहिला-दुसरा असा भेदच नाही, प्रत्येक आयपीची आपली आपली ओळ, नको झाली की तेवढीच डिसेबल करायची.

पण शेवटचं /२४ विसरू नका, रेंज केवढी ते त्यावरून ठरतं. मी घाईत नुसतं १९२.१६८.१.१ टाकलं, त्यानं ते मुकाट्यानं /३२, म्हणजे एकटाच आयपी, म्हणून घेतलं आणि एकही मशीन पिंग होईना. वीस मिनिटं मी केबल तपासत बसलो होतो, शेवटी नेटवर्कच्या रकान्यात १९२.१६८.१.० च्या जागी १९२.१६८.१.१ दिसलं तेव्हा कळलं.

दुसरी अडकायची जागा म्हणजे ब्रिजचं व्हीलॅन टेबल. व्हीलॅन १० मध्ये पोर्ट असतात तसा खुद्द ब्रिजही टॅग्ड (व्हीलॅनचा नंबर लावलेला) म्हणून असावा लागतो, नाहीतर पोर्ट एकमेकांशी बोलतात पण गेटवे काही उत्तर देत नाही. आणि व्हीलॅन फिल्टरिंग चालू करण्याआधी सेफ मोड लावाच, चुकून स्वतःलाच बाहेर काढलंत तर कनेक्शन तुटल्यावर बदल आपोआप मागे फिरतात. विनबॉक्स (सेटिंग करायचं मायक्रोटिकचं सॉफ्टवेअर) मॅक अ‍ॅड्रेसवरूनही (उपकरणाचा हार्डवेअर नंबर) जोडतं, त्यामुळे आयपीचा घोळ झाला तरी आत जायची एक वाट राहते.

जुना राउटर १९२.१६८.१.१ वर होता, त्याला वेगळ्या छोट्या रेंजवर नेलं आणि तो आयपी स्विचला दिला, म्हणजे मशीनमध्ये काहीच हलवायला नको. राउटरवर दोन्ही रेंजचे परतीचे रूट घातले, हे राहिलं तर पाकीट जातं पण परत येत नाही. डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणं) फक्त ५० च्या रेंजला. दोन मशीनच्या एआरपीत (कुठला आयपी कुठल्या मॅकवर ती यादी) जुन्या राउटरचा मॅक राहिला होता, ती चहाच्या सुट्टीत रीस्टार्ट केली.

डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) जुन्या रेंजवर आणि बघणारे नव्या, म्हणजे सगळं फुटेज राउट होऊन जाणार, आणि आतला सीपीयू ८०० मेगाहर्ट्झचा. राउटरओएस ७ मध्ये एल३ हार्डवेअर ऑफलोडिंग चालू केलं की ते राउटिंगचं काम सीपीयूऐवजी स्विचची चिप करते. फक्त तो ट्रॅफिक मग सीपीयूच्या फायरवॉलमधून जात नाही, तिथं नियम लिहून ठेवले असतील तर त्यांच्या भरवशावर राहू नका. तसंही दोन रेंज एकाच व्हीलॅनवर असल्या की ब्रॉडकास्ट सगळ्यांना जातो आणि कोणीही आपला आयपी बदलून पलीकडे जाऊ शकतो, त्यामुळे याला सिक्युरिटी समजू नये, ही रेंज बदलेपर्यंतची सोय आहे.

सोमवारी पहिली शिफ्ट वेळेवर लागली. मॅडमचं व्हीपीएन पण चालतंय. जुन्या रेंजवर आता तीन सीएनसी आणि तो डीव्हीआर एवढंच उरलंय, मशीनवाल्यांचा माणूस येऊन गेला की ती ओळ डिसेबल करून आठवडाभर बघणार, कोणी ओरडलं नाही तर काढून टाकणार.